रेवणसिद्धनं तारा बदलल्या

जळकोटात रेवणसिद्ध नावाची माणसं पुष्कळ. बिराजदारांचीही घरं चार-दोन आहेत. त्यामुळं या रेवणसिद्ध बिराजदाराचं घर विचारायचं तर 'गिटारवाल्याचं' म्हणावं लागतं. तसं म्हटलं की कुणीही हमरस्त्यावरून आत जाणाऱ्या बोळाकडं बोट दाखवतं. प्रत्यक्षात तो शेतकरी. सोयाबीन, तूर, विहिरीच्या कडंला थोडा ऊस, दावणीला दोन म्हशी. गिटार हा त्याचा लग्नसराईतला धंदा आणि उरलेल्या वर्षातला नाद.

हा नाद त्याला एका टायरवाल्यानं लावला. हमरस्त्याच्या कडंला जोसेफ नावाचा एक केरळी माणूस पंक्चरचं दुकान चालवायचा. दुपारी ट्रक थांबायचे कमी, तेव्हा तो टायरांच्या ढिगावर बसून गिटार वाजवायचा. कॉलेज अर्धवट सोडलेला रेवणसिद्ध ट्रॅक्टरचं चाक घेऊन गेला आणि चाक झाल्यावरही तिथंच बसून राहिला. पुढं दोन-तीन उन्हाळे तो रोज जात होता. रस्ता रुंद झाला तसं दुकान गेलं. जोसेफ गावाकडं परतला आणि जाताना गिटार ह्याच्याकडं देऊन गेला. स्टीलच्या तारांची, खणखणीत आवाजाची, मान जराशी अरुंद.

त्या गिटारीवर रेवणसिद्ध तुळजापूरच्या युवराजच्या बेंजो पार्टीत शिरला. युवराज बेंजो वाजवायचा, सोबत ढोलकी, खुळखुळा, आणि मागं ह्याची गिटार. हळदी, वराती, गावोगावच्या जत्रा. ढोकीला, बेंबळीला, पलीकडं आळंदच्या बाजूलाही. गिटारीच्या पोटावरच्या भोकात एक लहान पट्टी बसवलेली असायची, पिकअप म्हणायचे तिला. त्यात लोहचुंबक असतं. स्टीलची तार हलली की ते ओळखतं आणि वायरीतून आवाज भोंग्याकडं जातो. मांडवात तीनशे माणसं बोलत असली तरी रेवणसिद्धचा ठेका मागच्या जेवणाच्या पंगतीपर्यंत पोचायचा. लोक त्याचं नाव घेऊन वाखाणत होते अशातला भाग नव्हता. पण तो नसला की युवराजला कळायचं.

एका दिवाळीनंतरच्या दुपारी तो कडबाकुट्टीवर म्हशींसाठी कडवळ कापत होता. हिरवी पेंढी यंत्राच्या तोंडात अडकली. मोटर चालू असतानाच त्यानं डाव्या हातानं ती आत रेटली. महेश्वरी, त्याची बायको, मागून दुसरी पेंढी घेऊन येत होती. तिनं आधी आवाज ऐकला, मग पेंढी टाकून बटण बंद केलं. हात बाहेर काढला तेव्हा मधलं बोट आणि करंगळीशेजारचं बोट अर्ध्यावर राहिली होती.

सोलापूरला नेईपर्यंत तो शुद्धीत होता. गाडीत त्यानं एकदाच तोंड उघडलं, म्हशीला पाणी दाखवायचं राहिलं म्हणाला. दवाखान्यात महेश्वरीनं डॉक्टरांना विचारलं, "शेतातलं काम हुईल का ह्यांच्यानं?" डॉक्टर म्हणाले, होईल, सवय झाली की सगळं होईल. गिटारीचं कुणी विचारलं नाही. रेवणसिद्धनंही नाही. डाव्या हाताच्या बोटांनी तारा दाबाव्या लागतात, आणि दाबायची बोटंच गेली होती. त्यात विचारण्यासारखं काही नव्हतं.

जखम भरत आली तेव्हा युवराज भेटायला आला. चहा झाला, पावसाचं झालं, तुरीच्या भावाचं झालं. शेवटी तो म्हणाला, "रेवणअप्पा, लगीनसराई तोंडावर आली. एक कीबोर्डवालं पोरगं घेतलंय सध्यापुरतं."

"घ्यायलाच पायजे," रेवणसिद्ध म्हणाला.

"तुमची जागा हाय. ती कुठं जात न्हाय."

यावर रेवणसिद्धनं फक्त मान हलवली. जागा कुठं गेलेली आहे हे दोघांनाही ठाऊक होतं.

गिटार कोनाड्यावरच्या खुंटीला लटकत होती. हुरड्याच्या दिवसांत एके सकाळी महेश्वरी भाकरी थापत असताना तिला आतून तारा सैल केल्याचा आवाज आला. डोकावून बघितलं तर नवरा गिटार उलटी मांडीवर घेऊन बसलेला. मान उजव्या हाताकडं, पोट डाव्याकडं.

"आवं, ह्ये काय लावलंय?" तिनं विचारलं.

"उजव्या हाताला पाचही बोटं हायती," तो म्हणाला. "तो दाबंल. डाव्यानं नुसती तारा छेडायची नखी धरायची. त्याला अंगठा आन त्याच्याजवळचं बोट पुरं."

ती परत चुलीकडं गेली.

बोलायला सोपं होतं. पण गिटार उलटी धरली की जाड तार खाली जाते आणि बारीक वर. म्हणून त्यानं सगळ्या तारा काढून उलट्या क्रमानं चढवल्या. डोक्याकडच्या पांढऱ्या पट्टीत प्रत्येक तारेपुरती खाच असते. जाड तार बारीक खाचेत बसेना. गावातल्या सोनाराकडून बारीक कानस आणून त्यानं खाचा रुंद केल्या. एवढं झाल्यावर वाजवायला घेतलं आणि कळलं, की आयुष्यभर शिकलेलं सगळं डाव्या हातात होतं. उजवा हात कोराच. बोटं कुठं ठेवायची हे डोक्याला माहीत, हाताला नाही.

आणि तारा कापत होत्या. उजव्या हाताचा तळवा खोरं धरून घट्ट झालेला, पण बोटांची टोकं मऊच होती. स्टीलची तार दाबली की टोकाला खोबणी पडायची. थोडा वेळ रेटलं की कातडी फाटायची. फाटलेलं बोट घेऊन म्हशीची धार काढायची म्हणजे दुधात रक्त. महेश्वरी धार स्वतः काढू लागली. तिनं तक्रार केली नाही, पण भांडं जरा जोरात ठेवायची.

शेवटी त्यानं जोसेफला फोन लावला. जोसेफ आता म्हातारा झाला होता. त्याची हिंदी होती तशीच राहिली होती. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"रेवणा, तेरा डावा हात बडा हो गया था," तो म्हणाला. "उजवा अभी छोटा है. छोटे को स्टील मत दे. नायलॉन दे."

"इसीपे लगाऊं क्या?"

"लगेगा. लेकिन आवाज बैठेगा. ये गिटार स्टील का खिचाव माँगता है. नायलॉनवाला अलग होता है. और एक बात. नायलॉनवाले गिटार पे स्टील कभी मत चढाना. पेट का ब्रिज उखड जायेगा."

पहिला सल्ला रेवणसिद्धनं लगेच मानला. सोलापूरहून नायलॉनचा जोड आणला. पण तो बसवतानाच गडबड. स्टीलच्या तारेच्या शेवटाला पितळी गोळी असते, ती ब्रिजला अडकते. ब्रिज म्हणजे गिटारीच्या पोटावर चिकटवलेली लाकडी पट्टी, जिला सगळ्या तारांचा ताण असतो. नायलॉनला गोळी नसते, त्याला गाठ मारावी लागते. गाठी सुटत होत्या. त्या कशाबशा टिकल्या तर आवाज ओल्या पोत्यावर काठी मारल्यासारखा. बोटं मात्र दुखेनात. त्याला वाटलं, एवढं मऊ असतं तर आपण दिवसभर बसू.

त्याच सुमाराला तुळजापूरहून भाऊंचा निरोप आला.

भाऊ म्हणजे तुळजापुरातले निवृत्त कारकून. त्यांचं घर पुजाऱ्यांचं, पण भाऊंनी सगळी नोकरी कचेरीत केली. तरुणपणी काही वर्षं हैदराबादला होते, तिथं शेजाऱ्याकडून गिटार शिकले. नायलॉनची, रुंद मानेची, नखी न लावता नुसत्या बोटांनी वाजवायची. ती त्यांनी कधी चारचौघांत वाजवली नाही. संध्याकाळी दार लोटून घरातच वाजवायचे. नातवाच्या मुंजीत युवराजची पार्टी आली होती, तेव्हा जेवणं झाल्यावर ते येऊन रेवणसिद्धच्या शेजारी बसले होते आणि त्यांनी त्याची गिटार हातात घेऊन बघितली होती. आता त्यांचे हात थरथरायला लागले होते. गिटार कपाटावर पडून होती. रेवणसिद्धच्या बोटांचं त्यांना युवराजकडून कळलं.

रेवणसिद्ध एसटीनं तुळजापूरला गेला. भाऊंच्या सुनेनं, वैदेहीनं, पाणी आणून दिलं. भाऊंनी त्याचा डावा हात बघायला मागितला आणि अर्धवट बोटं नीट निरखून पाहिली, जसं कुणी कागदावरची सही बघावी.

"उजव्यानं दाबतोस म्हणे."

"व्हय. जमत न्हाय अजून."

"हिच्यावर जमेल." भाऊंनी कपाटावरची गिटार उतरवायला सांगितली. "मान रुंद आहे, बोटांना जागा मिळते. तारा मऊ. डोक्याकडची पट्टी निघते, तीच उलटी करून बसवली की तुझ्या हातची होईल. घेऊन जा, हात तयार होईपर्यंत ठेव. फक्त हिच्यावर स्टील चढवायचं नाही. बाकी काही म्हणणं नाही माझं."

"न्हाय चढवत," रेवणसिद्ध म्हणाला. हे त्याला जोसेफनंही सांगितलं होतंच.

त्या गिटारीवर त्याचा उजवा हात शिकला. पहाटे पाण्याची दारं धरून आल्यावर, दुपारी जनावरं सावलीला बांधल्यावर तो बसायचा. बोटं मानेवरच्या एका पडद्यावरून, म्हणजे आडव्या पट्टीवरून, दुसऱ्यावर न्यायला सुरुवातीला इतका वेळ लागायचा, की मधे ठेक्याचा पत्ताच नसायचा. हळूहळू मधली जागा कमी झाली. गव्हाची काढणी झाली तोवर तो साधी चाल सलग वाजवत होता. आवाज घराबाहेर जात नव्हता, इतकंच. महेश्वरीला तो आवाज पसंत होता. पहिली गिटार कानात जायची, ही नुसती घरात असते, असं ती शेजारणीला म्हणाली.

रेवणसिद्धला मात्र घरात वाजवायचं नव्हतं. त्यानं युवराजला फोन केला, एकदा ऐकून घे म्हणाला.

युवराजनं तुळजापुरात सरावाला बोलावलं. गिटार जोडायला घेतली आणि पहिल्याच मिनिटाला अडलं. पिकअपला नायलॉन कळेना. लोहचुंबकाला लोखंड लागतं, प्लॅस्टिकची तार त्याच्या लेखी नसल्यासारखी. मग माइक लावून बघितला. ढोलकी आणि भोंगे शेजारी असल्यामुळं माइक शिट्ट्या मारू लागला. आवाज कमी केला की गिटार गडप. कीबोर्डवाला पोरगा खाली बघत उभा होता.

"हात तयार झालाय," युवराज म्हणाला. खरंच म्हणत होता, समजूत काढत नव्हता. "पण ही मांडवात ऐकू यायची न्हाय. तुमची जुनी घेऊन या की. पुढल्या आठवड्यात ढोकीला हळद हाय, कारखान्याजवळ. कीबोर्डवाला त्या दिवशी न्हाय."

रेवणसिद्धनं घरी जाऊन जुन्या गिटारीला पुन्हा स्टील लावलं. पण उजवा हात आता रुंद मानेला सरावला होता. अरुंद मानेवर बोटं एकमेकांत अडकत होती, एक तार दाबताना शेजारची दबून मुकी व्हायची. दोन दिवस त्यानं खटपट केली. हळद चार दिवसांवर आली होती.

तिसऱ्या दिवशी त्यानं भाऊंच्या गिटारीवर स्टील चढवलं.

त्यानं ते न कळत केलं असं म्हणता येणार नाही. बाजारातल्या सगळ्यांत बारीक तारा आणल्या होत्या. सूर नेहमीपेक्षा खाली ठेवले, म्हणजे ताण कमी पडेल. एका दिवसाचा तर प्रश्न, हळद झाली की काढून टाकू. महेश्वरीनं विचारलं, "भाऊंनी नगं म्हनलं हुतं ना?" तो म्हणाला, "सैल ठेवल्यात." तिनं पुढं विचारलं नाही, तेव्हा त्याला बरं वाटलं.

ढोकीला हळद दुपारची होती. पत्र्याच्या मांडवात चैताचं ऊन तापलेलं. पहिला तासभर सगळं झकास झालं. पिकअपनं तार ओळखली, भोंग्यातून आवाज आला, आणि रेवणसिद्धला त्या दिवाळीनंतर पहिल्यांदा आपला ठेका समोरून परत येताना ऐकू आला. युवराजनं बेंजोवरून मान वळवून त्याच्याकडं बघितलं आणि हसला. बाया नवरीभोवती नाचत होत्या. बोटं कापत होती, पण त्याचं त्याला काही वाटत नव्हतं.

मग गिटारीच्या पोटातून फांदी मोडल्यासारखा आवाज आला. भोंग्यातून तो कितीतरी मोठा होऊन बाहेर पडला. नाचणाऱ्या बाया थांबल्या, कुणाला वाटलं फटाका वाजला. रेवणसिद्धच्या मांडीवर गिटारीचा ब्रिज सहाही तारांसकट उखडून लोंबत होता. ज्या जागी तो चिकटवलेला होता तिथं लाकडाचा फिका चौकोन उघडा पडला होता. एका तारेचं टोक त्याच्या मनगटाला लागून गेलं होतं.

युवराजनं लगेच दुसरी चाल धरली. ढोलकीवाल्यानं उचलली. बाया पुन्हा नाचू लागल्या. रेवणसिद्ध गिटार घेऊन मांडवामागं गेला आणि पाण्याच्या टँकरच्या सावलीत बसला. त्याच्यावाचून कुणाचं काही अडलं नव्हतं. तो नसतानाही हळद नीट पार पडली.

दुसऱ्या दिवशी तो तुळजापूरला गेला. फोन केला नाही. गिटार चादरीत गुंडाळून नेली होती. भाऊ ओसरीवर बसले होते. त्यानं चादर सोडून गिटार त्यांच्यासमोर ठेवली.

"म्या स्टील चढवलं हुतं," तो म्हणाला.

भाऊंनी थरथरत्या हातानं उखडलेल्या जागेवरून बोट फिरवलं. वैदेही दारात आली होती. तिनं गिटारीकडं पाहिलं आणि म्हणाली, "भाऊ, तुम्ही एकच गोष्ट सांगितली होती ना यांना?"

"सांगितली होती," भाऊ म्हणाले. रेवणसिद्ध उभाच होता. त्याला बस म्हणायचं कुणाला सुचलं नाही.

"का चढवलंस?" भाऊंनी शेवटी विचारलं.

रेवणसिद्धनं पिकअपचं, माइकचं, अरुंद मानेचं सगळं सांगितलं. सांगताना त्याच्या लक्षात आलं की यातलं काहीही कारण म्हणून पुरेसं नाही. तो म्हणाला, "मला मांडवात वाजवायचं हुतं, भाऊ."

"हं." भाऊंनी ब्रिज हातात घेऊन उलटा केला. "सरस सुटलाय. पोटाचं लाकूड फाटलेलं नाही. सुताराकडं चल."

सुतार मंदिराच्या रस्त्याला, ओळखीचा होता. त्यानं जुना सरस खरवडून काढला, नवा लावला, ब्रिज शिकंज्यात आवळून ठेवला आणि म्हणाला, आठवडाभर हात लावू नका. आठवड्यानं रेवणसिद्ध गिटार घेऊन पुन्हा भाऊंकडं आला. नायलॉनच्या नव्या तारा त्यानंच आणल्या होत्या. त्या चढवून, सूर लावून त्यानं गिटार पुढं केली.

"वाजव," भाऊ म्हणाले. "नखी ठेव बाजूला. बोटांनी छेड. या गिटारीचं वाजवणं तेच आहे. मी शिकवतो."

त्यांनी आपला उजवा हात पुढं करून दाखवलं. अंगठा जाड तारांवर, पुढची तीन बोटं खालच्या तीन तारांवर, एकेकाची एकेक तार. हात थरथरत होता तरी बोटांचा क्रम स्पष्ट होता. रेवणसिद्धनं डावा हात तसाच ठेवला. अंगठा टेकला. पहिलं बोट टेकलं. मधलं आणि त्याच्या शेजारचं बोट तारेच्या वर, हवेत राहिली. त्यानं मनगट वाकवून ती खाली आणायचा प्रयत्न केला, तेव्हा अंगठा सुटला. करंगळी लावून पाहिली, ती लहान. बराच वेळ तो करत राहिला. मग त्यानं नखी घेतली. नखीनं छेडली की नायलॉनची तार लोळायची, आवाजाला धार यायची नाही.

भाऊ पाहत होते.

परतीच्या एसटीत त्यानं दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि नीट विचार केला. नायलॉन उजव्या हाताला मानवत होतं, कारण उजवा हात नवा होता. पण नायलॉन वाजवायला छेडणारा हात सगळ्या बोटांचा लागतो, आणि तो त्याचा डावा होता. स्टीलला नखी चालते, नखीला दोन बोटं पुरतात. म्हणजे एका हाताला एक तार हवी, दुसऱ्याला दुसरी. इतके महिने तो फक्त दुखणाऱ्या हाताचा विचार करत होता. उजव्याचं दुखणं काही महिन्यांनी जाईल, कातडी घट्ट होईल, पहिल्या वेळी डाव्याची झाली होती तशी. डाव्याची बोटं काही उगवायची नाहीत. नळदुर्ग मागं पडलं तोवर त्याचा हिशेब पुरा झाला होता, आणि त्याला आश्चर्य याचंच वाटलं की तो इतका साधा होता.

पुढच्या खेपेला त्यानं भाऊंना गिटार परत नेऊन दिली आणि कारणही सांगितलं. भाऊंना ते पटलं. पटल्याचं त्यांनी बोलूनही दाखवलं. पण गिटार वैदेहीच्या हाती देताना म्हणाले, "मला वाटलं होतं, ही तुझ्याकडंच राहील."

"वाटलं हुतं मलाबी," रेवणसिद्ध म्हणाला.

त्यानंतरचा पावसाळा जुन्या गिटारीवर गेला. सगळ्यांत बारीक तारा, सूर एक पडदा खाली. तारा आणि मान यांच्यातलं अंतरही त्यानं कमी करून घेतलं, म्हणजे दाबायला जोर कमी लागतो. तरीही बोटं फाटली. या वेळी तो फाटेपर्यंत वाजवत नव्हता, फाटायच्या आधी थांबायचा, आणि दुसऱ्या दिवशी तेवढंच आणि थोडं वर. अरुंद मानेची सवय व्हायला सर्वांत जास्त वेळ लागला. काही कॉर्ड, म्हणजे एकदम तीन-चार तारा दाबायचे मेळ, त्याला अजूनही नीट धरता येत नाहीत, त्या तो टाळतो. सोयाबीनची रास झाली तेव्हा उजव्या हाताच्या बोटांची टोकं नखानं टकटक केलं तर वाजतील इतकी घट्ट झाली होती. महेश्वरी एकदा ती चाचपून म्हणाली, "आता धार काढाय हरकत न्हाय." तेव्हापासून धार पुन्हा त्याच्याकडं आली.

युवराजनं त्याला घेतलं, पण कीबोर्डवाल्यालाही ठेवलं. आता गाण्यांची सुरुवात आणि मधले तुकडे कीबोर्डवर होतात, रेवणसिद्ध फक्त मागचा ठेका देतो. पूर्वी तुकडेही त्याच्याकडं असायचे. पहिल्या एक-दोन लग्नांत त्याला ते खुपलं. पुढं सवय झाली. ठेका तो पूर्वीइतका जलद देत नाही, पण चुकत नाही, असं ढोलकीवाला म्हणतो.

तुळजापूरला कामासाठी गेला की तो भाऊंकडं जातो. गिटार कपाटावरून उतरवून पुसतो, सूर लावतो. कधी अंगठा आणि एका बोटानं साधीशी चाल वाजवतो. भाऊ डोळे मिटून ऐकतात आणि मधेच सांगतात, "तिसरी तार उतरलीय." वैदेही चहा देते. ती अजूनही त्याच्याशी बेतानंच बोलते.

जोसेफला त्यानं ब्रिजचं सांगितलं तेव्हा जोसेफ फोनवर बराच वेळ हसला होता. त्यालाही तसंच एकदा झालं होतं म्हणाला, आणि कुणीतरी त्यालाही आधी सांगितलेलं होतं.

मागच्या मार्गशीर्षात बेंबळीला एका लग्नात पार्टी गेली होती. जेवणाच्या सुट्टीत नवऱ्यामुलाचा मामा, आण्णासाहेब नावाचे गृहस्थ, रेवणसिद्धच्या शेजारी येऊन बसले. मगाशी तो वाजवत असताना ते लांबून त्याच्याकडं बघत होते. आता जेवताना त्याच्या डाव्या हातावर रुमाल होता, त्यामुळं बोटं दिसत नव्हती.

"सगळे इकडून धरतात, तुम्ही तिकडून," ते म्हणाले. "जन्मापासून डावरे का तुम्ही?"

रेवणसिद्धनं पुरीचा घास गिळला.

"न्हाय," तो म्हणाला. "चार वर्सं झाली."

आण्णासाहेबांना ते नीट समजलं नाही. त्यांनी पुढं काही विचारायच्या आत युवराजनं हाक मारली. वरात निघत होती. रेवणसिद्धनं हात धुतले, रुमाल खिशात घातला, गिटारीचा पट्टा खांद्यावर घेतला आणि बाहेर जाऊन ढोलकीच्या मागं आपल्या जागेवर उभा राहिला.